वन्संना झोप लागावी म्हणून

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याबरोबर एकही रात्र मी नाशिकबाहेर काढलेली नव्हती. त्र्यंबक झालं, वणी झाली, शिर्डी तर किती वेळा झाली, पण सगळं सकाळी जाऊन दिवेलागणीला परत. एकदा वेरूळला गेलो, तर कैलास लेणं निम्मं बघून पळत सुटलो, कारण शेवटची एसटी. लग्नानंतर महाबळेश्वर ठरलं होतं, ते अजून ठरलेलंच आहे. शेजारच्या बाया गावाहून आल्या की ‘आमचा तिथं दोन दिवस मुक्काम होता’ असं ऐटीत सांगायच्या आणि मी आपली चहा ढवळत बसायची.

याचं कारण माझी नणंद. नणंद म्हटल्यावर लगेच नाकं मुरडू नका, वन्सं तशा नाहीत. विशीत विधवा होऊन त्या माहेरी आल्या, पाठोपाठ आई गेली, आणि धाकट्या भावाला त्यांनीच न्हाऊमाखू घालून वाढवलं. तो भाऊ म्हणजे आमचे हे. आता वन्संना परक्या जागी झोप येत नाही, आणि ताईला एकटं टाकून हे कुठं राहत नाहीत. संपलं! एकदा हे दोघं बहीणभाऊच कल्याणला एका लग्नाला गेले, तिथं नाइलाजानं राहावं लागलं, तर वन्सं रात्रभर मंगल कार्यालयातल्या खुर्चीवर ताठ बसून होत्या. सकाळी नवरीपेक्षा जास्त माणसं त्यांच्याभोवती जमली होती, आणि कुणी कांदा हुंगवत होतं.

नव्वदचं दशक संपता संपता हे सातपूरच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले. कारखान्यात फिटर होते, हात स्वस्थ बसत नव्हते. एक दिवस जेवताना म्हणाले, “ताईला परक्या घरात झोप येत नाही ना? मग आपण तिचं घरच बरोबर न्यायचं.” मला वाटलं, ऊन लागलं. आठवड्यानं दारात एक म्हातारा टेम्पो येऊन उभा राहिला, आणि मग वर्षभर आमच्या घरात ठोकाठोकीशिवाय दुसरा आवाज नव्हता.

टेम्पो आधी एका बेकरीचा होता. निळा रंग दोनदा मारला तरी उजव्या अंगाला ‘ताजे पाव, खारी, टोस्ट’ ही अक्षरं खालून वर येतच राहिली. पण आत काय काय केलं होतं! वन्संच्या मापाचा पलंग, त्यांची स्वतःची गादी, उशाशी देवाचा कोनाडा. मागच्या दाराच्या जागी चक्क कडप्प्याचा ओटा. डाव्या अंगाला नवं दार, त्याला लाकडी उंबरठा. दाराला बेल. खिडक्यांना घरासारखे लोखंडी गज, तेही झाळून पक्के केलेले. ड्रायव्हरची जागा नि घर यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत, आणि तिच्यावर कालनिर्णयासाठी खिळा. मी म्हटलं, “अहो, गच्चीचं काय?” तर हे खरोखर विचारात पडले.

माझा भाऊ दत्तू मखमलाबादला भाजी आणि फुलं पिकवतो. तो दर रविवारी यायचा, टेम्पोभोवती फिरायचा, चाकाला लाथ मारून बघायचा. “दाजी, तुमचं झालं की मला द्या. टोमॅटोचे क्रेट मस्त मावतील.” शेवटी यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं की एकच प्रवास करायचा. त्यात ताईला झोप लागली तर हे घर, नाही लागली तर टोमॅटो.

चोवीस वर्षांत पहिल्यांदा कुठंतरी जायची वाट उघडली होती, आणि ती एका बाईच्या पापण्यांवर अवलंबून होती. मी त्याच दिवशी वन्संच्या दुपारच्या चहात पावडर निम्मी केली.

द्वारका

पाडव्याला गाडीची पूजा झाली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवून चिरडली. वन्सं हळदीकुंकू वाहून मागे सरल्या आणि म्हणाल्या, “ही झाली गाडीची पूजा. घराची कुठाय?”

“म्हणजे?” हे म्हणाले.

“घर म्हणतोस ना रे? मग वास्तुशांत नको? वास्तुशांत झाल्याशिवाय घरात निजत नसतात.”

गुरुजी तिथंच होते. त्यांनी टेम्पोला एक प्रदक्षिणा घातली, आत डोकावले आणि खाली उतरून उपरण्यानं घाम पुसला. म्हणाले, “अडचण अशी आहे प्रभाकरराव, की वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात पुरावा लागतो. तुमचा आग्नेय कोपरा वळणावर वळणावर बदलणार. बरं, जमिनीत पुरला, तर तुम्ही जाल पुढं आणि वास्तुपुरुष राहील मागं.”

“चासीला वेल्डिंग करू,” हे म्हणाले.

गुरुजींनी दक्षिणा घेतली आणि ते सायकलवरून निघून गेले. वन्संनी भावाकडे नुसतं बघितलं. त्या यायला तयार झाल्या हेच नवल, पण निघताना म्हणाल्या, “येते मी. झोपेचं माझ्याकडं मागू नका.”

चैत्रातल्या एका सकाळी आम्ही निघालो. हे पुढं, आम्ही दोघी मागच्या घरात. नाशिकमधल्याच द्वारकेच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत आमचं घर बंद पडलं. मागून भोंगे, पुढून शिव्या, आणि एक रिक्षावाला खिडकीच्या गजातून आत बघून म्हणाला, “मावशी, खारी कशी दिली?” वन्संनी पडदा ओढून घेतला. गाडी चालू झाली तेव्हा नवीनच लक्षात आलं, की खड्डा आला की दाराची बेल वाजते. बेल वाजली की वन्सं सवयीनं “कोण आहे?” म्हणायच्या. द्वारका ते घोटी रस्ता कसा होता हे ज्यांना आठवतं, त्यांना त्या किती वेळा म्हणाल्या असतील हे वेगळं सांगायला नको.

सोमाचा माळ

घोटीहून डावीकडे वळलं की हवा बदलते. नाशिकला द्राक्षबागांत औषधाचा वास भरून असतो. इथं करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या, आंब्याला लिंबाएवढ्या कैऱ्या लटकलेल्या, आणि कोकीळ तर गळा फाटेस्तोवर ओरडत होता. भाताची खाचरं कोरडी पडली होती, एकाखाली एक उतरत गेलेली. समोर कुलंग गडाचा कडा एवढा मोठा, की बघायला मान मागं टाकावी लागते. माझ्या मानेत चमक आली, तरी मी बघत राहिले.

सोमा इथला. सुगीला दत्तूच्या मळ्यावर कामाला यायचा, त्या ओळखीनं आम्ही आलो. त्याच्या पाड्याच्या वर एक सपाटसा माळ आहे, आंब्यांच्या सावलीतला. डोंगर चढायला येणारी पोरं तिथं तंबू ठोकतात. सोमानं टेम्पोकडे बघितलं, कडप्प्यावर बोटानं टकटक केलं, बेल दाबली आणि बायकोला हाक मारली, “हिरे, ये लवकर! सायेबानं बंगला आनलाय!”

आमच्या आधी बंगल्यात मुंग्यांनी प्रवेश केला होता. बेकरीची साखर कुठल्या फटीत राहिली होती देव जाणे, पण ओट्याखालून निघून पलंगावरून देवाच्या कोनाड्यापर्यंत मुंग्यांची अखंड रांग. अर्धा दिवस मी हळद टाकत फिरले. यांनी सामान लावलं, म्हणजे एक डबा काढायला सात डबे हलवावे लागतील अशी व्यवस्था केली. मी वळले की हे वळायचे, आणि दोघांच्या मध्ये वन्संचे गुडघे. घर लहान असलं की भांडण मोठं होतं असं नाही, पण जवळून होतं. संध्याकाळपर्यंत मी यांना दोनदा बाहेर हाकललं आणि एकदा स्वतःच जाऊन आंब्याखाली बसले. खरं सांगते, तिथं बसल्यावर मला रडू यावं इतकं बरं वाटलं. अंधार पडत होता आणि मला कुठली एसटी गाठायची नव्हती.

रात्री वन्सं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला तयार होईनात. घडीची खुर्ची आंब्याखाली मांडली, शाल घेतली. “तुम्ही निजा. माझ्यामुळं जागू नका.” आता असं म्हटल्यावर कोण निजणार? सकाळी त्यांनी आम्हाला सगळा वृत्तांत दिला. मी किती कुशी बदलल्या, हे कुठल्या सुरात घोरले, सगळा. “एक कोल्हा आला होता,” त्या म्हणाल्या. “समोर बसला. माझ्याकडं बघितलं. गेला बिचारा.”

मला तर टोमॅटोचे क्रेट दिसायला लागले.

राब

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खाचरातून धुराचा लोट उठला. हे दात घासत होते. “आग!” असं ओरडून, तोंडात फेस तसाच ठेवून, दोन्ही हातांत आमच्या पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन हे धावले. कारखान्यात दरवर्षी आग विझवायचा सराव व्हायचा, त्याचा उपयोग करायची संधी यांना तीस वर्षांत मिळाली नव्हती. मी वरून बघते आहे, हे खाचरात उड्या मारतायत, पाणी फेकतायत, आणि सोमा बांधावर उभा राहून दोन्ही हात हलवतोय.

“सायेब! ओ सायेब! राब हाय त्यो! म्याच पेटावलाय!”

हे थांबेपर्यंत दोन्ही कॅन संपले होते. भाताचं रोप जिथं टाकायचं, तिथं चैत्रात पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून जाळतात, त्याला इकडं राब भाजणं म्हणतात. त्यानं तण मरतं, रोप जोमदार येतं. आमच्या यांनी अर्धा राब भिजवून ठेवला. सोमाला राग यायला हवा होता, पण तो हसून हसून खालीच बसला आणि “तोंडाला फेस बगून मला वाटलं सायेबाला फिट आली” असं येईल त्याला सांगत सुटला. दुपारपर्यंत पाड्यातली लहान पोरं यांना बघून तोंडातून बुडबुडे काढत होती.

पाणी संपलं म्हणून मी हिराबाईबरोबर विहिरीवर गेले. तिच्या डोक्यावर दोन हंडे, एकावर एक, आणि ती रमतगमत चालली. माझ्या कमरेवर एक कळशी, तिच्यातलं निम्मं पाणी माझ्या साडीत. परत आलो तर वन्सं खुर्चीतच होत्या, डोळे लाल.

हिराबाईनं हंडे उतरवले आणि सरळ विचारलं, “आजी, तुमी रातभर भायेरच का बसल्या?”

वन्संनी तिला सगळं सांगितलं. वास्तुशांत, गुरुजी, आग्नेय कोपरा. हिराबाईनं कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

“यात कोन परकं मानूस जेवलंय का आजून?”

“नाही बाई.”

“मंग घर कसं व्हईल? खोकं हाय ते. घरभरनी करा. चार मानसं आत येऊ द्या, जेवू द्या, पोरं रडू द्या. मंग घर.”

मी घाबरून वन्संकडे बघितलं, आता काय ऐकवतात म्हणून. वन्संनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, “बरोबर बोलते ही. दूध उतू घालू आणि चौघांना जेवायला घालू.” नंतर माझ्या कानात म्हणाल्या, “पावशेर तांदूळ जास्त टाक.”

चार माणसं

आमच्याकडं नाशिकला चार माणसांना बोलावलं की तीन येतात आणि चौथ्याचा फोन येतो. हिराबाईच्या पाड्यात चार माणसं म्हणजे अख्खा पाडा, हे आम्हाला उन्हं कलल्यावर कळलं. पायवाटेनं रांग लागली. म्हातारे, लेकुरवाळ्या, कडेवर पोरं, पोरांच्या मागं कुत्री. मी हातातल्या पातेल्याकडं बघितलं आणि मटकन खाली बसले.

पण कुणी मोकळ्या हातानं आलं नव्हतं. घरभरणीला घर भरायचं असतं ना! ओंजळभर तांदूळ, नागलीचं पीठ, कैऱ्या, खुरासणीच्या, म्हणजे आपल्या कारळ्याच्या, चटणीचा गोळा पानात बांधून, आणि एका म्हातारबाबानं पाय बांधलेली जिवंत कोंबडी आणली. वन्संनी कधी घरात अंडं येऊ दिलं नाही. बाबांनी कोंबडी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि म्हणाले, “घराला कोंबडी पायजे, आजी. नायतर मुंग्या टिपायच्या कुनी?” वन्सं तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्यांना हसताना किती दिवसांनी पाहत होते! कोंबडी पलंगाखाली गेली.

मग प्रत्येकानं आत जाऊन घर बघितलं. पाच-सहा जण आत, बाकीचे रांगेत. प्रत्येक जण आधी बेल दाबायचा. वन्सं ओट्याशी उभ्या राहून प्रत्येक वेळी “कोण आहे?” म्हणायच्या, आणि बाहेरून खरोखरच कुणीतरी आपलं नाव सांगायचं. मला वाटतं तिथंच काहीतरी बदललं. त्यांचा आवाज आमच्या घरी पाहुणा आल्यावर लागतो तसा लागला होता. कुणाच्या पोराला त्या कोनाड्यातला खडीसाखरेचा खडा देत होत्या, कुणाला पलंगावर बसवत होत्या.

दुधाची मात्र पंचाईत झाली. सोमानं गाईचं दूध आणून दिलं, पण माळाला थोडा उतार होता, त्यामुळं दूध उतू गेलं तर दक्षिणेकडंच जाणार. वन्सं म्हणाल्या, पूर्वेलाच गेलं पाहिजे. लगेच यांनी गवंडीकामाची पाणसळ काढली, ओट्यावर ठेवली, आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत चाकांखाली दगड सरकवत बसले. गाडी गिअरमधून काढली होती आणि हँडब्रेक होता तो नुसता नावाला. सगळं घर त्या चार दगडांवर तोलून धरलेलं. हे मागे सरून, हातावर हात झटकून म्हणाले, “बघ ताई. आता बशीतला चहा हलायचा नाही.”

एवढ्या माणसांचा भात आमच्या शेगडीवर होणं शक्य नव्हतं. बायांनी बाहेरच चूल मांडली, सोमाकडून मोठं पातेलं आणलं. दोन दगड मिळाले, तिसरा चांगला मिळेना. एक बाई म्हणाली, “सायेब, एखादा चपटा दगड हाय का?” आता घरचे यजमान म्हणजे यांच्या अंगात त्या दिवशी वारं शिरलेलं. पाहुण्यांना काही कमी पडू द्यायचं नाही! “आहे की!” म्हणत हे लगबगीनं गेले, सर्वांत देखणा, रुंद, चपटा दगड काढला, स्वतः उचलून आणला, चुलीला लावून दिला आणि हात धुवायला गेले.

मी भात वैरत होते. मागून कोंबडी आणणारे बाबा शांतपणे म्हणाले, “घर चाललं.”

वळून बघते तर खरंच चाललं होतं! अगदी सावकाश, कुणाला निरोप द्यायची घाई नसल्यासारखं. आतली शेवटची पाहुणी नुकतीच उतरली होती आणि वन्सं एकट्या ओट्याशी दुधावर लक्ष ठेवून होत्या. गाडी माळाच्या कडेवरून खालच्या खाचरात उतरली, तेव्हा बेल जोरात वाजली, आणि आतून स्पष्ट ऐकू आलं, “कोण आहे?”

“ताईऽऽ!” हे ओरडत धावले. यांच्या मागं सोमा, त्याच्या मागं पाडा, त्याच्या मागं कुत्री. गाडी खाचर ओलांडून गेली, डाव्या अंगानं बांधाला घासली, आणि धप्पकन टेकून उभी राहिली.

मग खिडकीच्या गजाआड वन्संचा चेहरा आला. केसांवर साय.

“लागलं का काय आजी?” सोमानं विचारलं.

“नाही,” वन्सं म्हणाल्या.

“दूध उतू गेलं का?” हिराबाईनं विचारलं.

“सगळीकडं गेलं.”

हिराबाईनं टाळी वाजवली. “झाली घरभरनी!”

बांध

झाली खरी, पण वन्सं बाहेर कशा यायच्या? घराचं एकच दार, डावीकडचं, आणि ते बांधाला असं चिकटलेलं की बोट शिरेना. मागं कडप्पा. खिडक्यांना यांनी स्वतः झाळलेले गज. चोर आत येऊ नये म्हणून लावले होते, त्यांचा ताई बाहेर येऊ नये म्हणून उपयोग झाला. हे हातोडी घेऊन पुढच्या बाजूनं शिरले, प्लायवूडची भिंत फोडायला. आतून वन्संचा आवाज आला, “खबरदार प्रभ्या, माझ्या भिंतीला हात लावलास तर!”

सोमानं बैल जुंपायचं मनात आणलं, पण अंधार झाला होता. “आता नको सायेब. बैलाचा पाय मोडंल. सकाळी काढू.”

मग काय करणार? पाडा जेवायला बसला, त्याच खाचरात, पळसाच्या पत्रावळींवर. गरम भात, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, कैरी. मी आयुष्यात इतकं चविष्ट जेवले नाही, आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे दोन्ही खरं. वन्संची पत्रावळ गजातून जाईना, म्हणून हिराबाईनं भाताचे मुटके करून एकेक आत दिले. जाताना प्रत्येक जण खिडकीशी येऊन “येतो आजी” म्हणत होता, आणि वन्सं आतून “या हं, सावकाश जा” म्हणत होत्या. रांग संपता संपेना.

हे बांधावर घोंगडं घेऊन बसले. चेहरा इतका उतरलेला, की रागवायलाही जीव होईना. मी जवळ गेले तर म्हणाले, “सत्तरीची बाई. कोंडून ठेवली मी तिला. कोंबडीबरोबर. देऊन टाकतो दत्तूला, नको हे घर.” मलाही तसंच वाटत होतं, आणि माझ्यासाठी जास्त वाईट वाटत होतं, ते कसं सांगणार?

हिराबाईनं मला हात धरून तिच्या घरी नेलं. गोधडीला धुराचा वास, पलीकडं शेळ्या. आडवं झाल्यावर मनात आलं, की परक्या घरातला माझा हा पहिला मुक्काम. चोवीस वर्षं वाट बघितली आणि मिळाला तो असा! तेवढ्यात डोळा लागला.

सकाळी बैलांच्या दोन जोड्या आल्या. सोमानं जाडजूड दोर बांधले, पाडा मागून रेटायला उभा. “हय्याऽऽ!” घर हललं, आतली भांडी खणाखणा कोसळली, बेल एकसारखी वाजत राहिली. पण आतून “कोण आहे?” आलं नाही.

“ताई, घाबरू नकोस!” हे गजाला धरून ओरडले. पडदा ओढलेला होता. उत्तर नाही.

यांचा चेहरा पांढरा पडला. गाडी बांधापासून सुटली, दार मोकळं झालं, पण हे कडीला हात लावून मागं सरले. मला म्हणाले, “तू जा. माझ्यानं होत नाही.” मी कडी काढली, उंबरा ओलांडला.

पातेली जमिनीवर, पिठाचा डबा उपडा, सगळीकडं वाळलेलं दूध आणि दुधावर मुंग्या. पलंगावर वन्सं एका कुशीवर, गालाखाली हात घेऊन पडलेल्या. पायाशी कोंबडी. मी वाकून बघितलं. वन्सं घोरत होत्या. साधंसुधं नाही, आमच्या यांनी मान खाली घालावी असं घोरणं. मी तिथंच भिंतीला टेकून रडायला लागले.

“काय झालं?” बाहेरून यांचा आवाज फुटला. “अगं, बोल ना काहीतरी!”

मी दारात येऊन सांगितलं, “झोपल्यात.”

हे बांधावर बसले, दोन्ही हातांत तोंड घातलं, आणि यांचे खांदे हलायला लागले. सोमाला पहिल्यांदा कळेना. मग हिराबाईनं त्याच्या कानात सांगितलं, आणि त्यानं तोंडावर बोट ठेवून सगळ्यांकडं बघितलं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा त्यानं हळूच सोडून घेतल्या. पोरांना पिटाळलं. अख्खा पाडा त्या खाचरातून चवड्यांवर चालत गेला, आणि कुणी बोललंच तर कानात बोललं.

उन्हं चांगली वर आल्यावर पडदा सरकला. वन्सं दारात आल्या, उंबऱ्यावर बसल्या, केस सारखे केले. गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी उठलेली. आम्ही दोघं समोर उभे, शाळेत निकालाला उभं राहतात तसे. हे कसेबसे म्हणाले, “ताई, झोप लागली का?”

“कसली झोप!” वन्सं म्हणाल्या. “रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

मी तोंड उघडलं, यांनी माझा हात दाबला.

“नाही मानवली मला ही जागा,” वन्सं जांभई देत म्हणाल्या. “दुसरीकडं नेऊन बघा.”

“कुठं नेऊ?” हे म्हणाले.

“कुठंही ने. पण चार-आठ दिवस राहायला हवं बाबा. एका रात्रीत काय कळतंय?”